वर्गात विचारलेले प्रश्न

१२ जून
प्रवेश मिळाला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, दोन वर्षं, शनिवार-रविवार वर्ग आणि एक लघुप्रबंध. आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, पुढच्या वर्षाअखेर निवृत्त होतील. त्यांच्या खुर्चीत बसायला आता ही पदवी लागते, असा नवा नियम आला आहे. तो नेमका माझी पाळी आल्यावर कसा आला, हा वेगळा विषय.

शिक्षकखोलीत पेढे वाटावेत अशी बातमी नव्हती, तरी पर्यवेक्षक उठून माझ्याजवळ आला. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. पदवी केव्हाच खिशात. म्हणाला, "सर, मनापासून अभिनंदन. काही नोट्स लागल्या तर सांगा." स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याला नोट्स कोण देतं? नक्की चुकीच्या असणार.

ही म्हणाली, "घेऊन तर बघा."
हिला माणसांची पारख नाही.

३ ऑगस्ट
आज मार्गदर्शक वाटले. यादीत सगळ्यांत शेवटी माझं नाव, आणि पुढे एका मॅडमचं. असेल अडतीसची. तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून तिची खोली. दोन खुर्च्या, एक टेबल, त्यावर कागदांचे गठ्ठे, खिडकीत वाळलेलं एक झाड. मी आत गेल्यावर ती उभी राहिली.

"बसा ना सर. तुम्ही मला शिकवलंय. आठवी क."

सत्तावीस वर्षांत पाच हजार मुलं हाताखालून गेली असतील. कोणाकोणाला लक्षात ठेवणार? मागून दुसरा बाक, खिडकीकडचा. पण चेहरा काही आठवत नाही. तसं मी सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "चालेल."

काय चालेल? आणि हसली का?

१० ऑगस्ट
मी नेलेला विषय तिने बाजूला ठेवला. 'गणितात मुलांकडून होणाऱ्या चुकांची कारणे' हा विषय मी आठ दिवस खपून ठरवला होता. ती म्हणाली, "चुका मुलांच्या असतात, हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंय सर. दुसरं काही बघूया का? वर्गात मुलं काय विचारतात ते?"

"म्हणजे?"

"एका तासाला मुलं किती प्रश्न विचारतात. कसले विचारतात. त्यांचं पुढे काय होतं. तुमचे सहा तास घ्या, शाळेतल्या दुसऱ्या कुणाचे सहा. मोबाइलवर आवाज टिपायचा आणि नोंदी करायच्या."

माझेच तास. माझाच आवाज. तिच्या हातात. मी म्हटलं, विचार करून सांगतो. जिना उतरताना लक्षात आलं, दुसरा मार्गदर्शक मिळणार नाही. बाकीच्यांची यादी भरली आहे. हे सगळं आधीच जुळवून ठेवलेलं असावं.

१४ ऑगस्ट
मधल्या सुट्टीत शिपाईमामांकडून अडगळीच्या खोलीची किल्ली घेतली आणि जुनी गुणपत्रकं काढली. आठवी क सापडली. तिचं माहेरचं नाव, गणितात पहिल्या चाचणीला अठ्ठ्याऐंशी, सहामाहीला बावन्न, वार्षिकला सदतीस. शेऱ्याच्या रकान्यात माझं अक्षर : 'लक्ष नाही.'

शिपाईमामा दारात उभे होते. म्हणाले, "ती मुलगी ना? ती तर तुमच्या तासाला बाहेरच उभी असायची. मी तिला एकदा स्टूल दिलं होतं बसायला, तर तुम्ही ओरडला होतात माझ्यावर."

मामांना काल जेवण झालं का ते आठवत नाही आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं स्टूल आठवतं. कुणी पढवलंय त्यांना?

१ सप्टेंबर
माझा पहिला तास टिपला. सातवी ब, पूर्णांक. मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, म्हणजे मुलांना कळू नये. चाळीस मिनिटांत दोन प्रश्न. एक, "सर, समास सोडायचा का?" दुसरा, "सर, पान उलटू?"

माझ्या वर्गात प्रश्न पडत नाहीत, कारण मी शिकवतो ते समजतं. हे निष्कर्षात लिहिता येईल.

५ सप्टेंबर
दुसरा तास : एक प्रश्न. पाणी प्यायला जाऊ का. तिसरा : दोन. त्यातला एक घंटा झाल्यावर.

दुसऱ्या बाजूला विज्ञानाच्या बाई. नोकरीला दुसरं वर्ष, वर्गात बाकांची मांडणी वेडीवाकडी, फळ्यावर अर्ध्या आकृत्या. त्यांच्या एका तासात तेवीस प्रश्न! "बाई, मासा झोपतो का?" "बाई, मग पाण्याला वास का नाही?" यातले सहा तर बाईंनाही आले नाहीत. "माहीत नाही रे, शोधूया" म्हणाल्या. सरळ सरळ म्हणाल्या.

मुलांना पढवून ठेवलेलं असणार. सोमवारी न सांगता जाऊन बसतो.

८ सप्टेंबर
न सांगता गेलो. सव्वीस.
मी जिन्यावरून येताना कुणीतरी पाहिलं असावं.

११ सप्टेंबर
सातवी ब ला आज सांगितलं, की प्रश्न विचारणं चांगलं असतं. उद्यापासून प्रत्येकाने घरून दोन प्रश्न लिहून आणायचे आणि तासाला विचारायचे. न आणणाऱ्याचं नाव लिहिलं जाईल.

१२ सप्टेंबर
एकेचाळीस! मॉनिटर हजेरीक्रमांक पुकारत होती आणि मुलं उभी राहून वाचत होती. सतरा क्रमांकाने विचारलं, "त्रिकोणाला तीनच बाजू का असतात?" आणि अठरा क्रमांकानेही तेच विचारलं. उत्तरं द्यायला वेळ उरला नाही, पण विषय प्रश्नांचा आहे, उत्तरांचा नाही.

ही म्हणाली, "हे म्हणजे रडायला सांगून रडवल्यासारखं झालं."
मी म्हटलं, "मुलांनी विचारले की नाही? विचारले. मग?"

असे आणखी दोन तास घेतले म्हणजे झालं.

२८ सप्टेंबर
तक्ता पूर्ण केला. एकेचाळीसचे एकोणीस केले, पुढच्या दोन तासांना बावीस आणि चोवीस. फार मोठे आकडे दिसले की माणसाला संशय येतो. सुरुवातीच्या तीन तासांचेही जरा गोल करून नऊ, अकरा, बारा असे चढते लावले. आलेख सुंदर आला. विज्ञानाच्या बाई अजूनही दोन पावलं पुढे आहेत. ते तसंच ठेवलं. मी अप्रामाणिक माणूस नाही.

५ ऑक्टोबर
मॅडमने तक्ता पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "सर, आवाज टिपलेत ते पण द्या."

"नोंदी दिल्यात ना."

"नोंदी वाचल्या. मला ऐकायचंय."

का? माझा आवाज ऐकून तिला काय करायचंय? मी म्हटलं, मोबाइलमधली जागा भरली होती, काही पुसले गेले असतील, बघतो. तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"सर, हे पान मी आज बघितलंच नाही असं समजते. महिनाअखेरपर्यंत दुसरं आणून दिलंत तर तेच पहिलं."

किती गोड बोलते. म्हणजे मी दुसरं पान दिलं की पहिलं खोटं होतं हे माझ्याच हाताने सिद्ध. दोन्ही पानं शेजारी ठेवून ती विभागप्रमुखांकडे जाणार. मी पान परत मागितलं. तिने लगेच दिलं. झेरॉक्स काढून ठेवली असेल.

१३ ऑक्टोबर
डायरी कपाटात पालथी ठेवली होती, उताणी सापडली. हिला विचारलं. म्हणाली, "तुमच्या डायरीत तुम्हीच असता सगळीकडे. मी रोज बघते तुम्हाला, वाचू कशाला?"

हे उत्तर नव्हे.

१७ ऑक्टोबर
आज सगळं स्पष्ट झालं. चौथा तास सुटला तेव्हा मोठ्या बाईंच्या कार्यालयातून मॅडम बाहेर पडली. माझी मॅडम! आमच्या शाळेत! सोबत पर्यवेक्षक. तो तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. मी ग्रंथालयाच्या खिडकीतून पाहिलं. दोघं काहीतरी बोलत होते आणि तो मान डोलावत होता. मला पाहून हात केला त्याने. हात केला!

माझं पहिलं पान मोठ्या बाईंच्या टेबलावर पोचलं, याबद्दल आता शंका नको.

१९ ऑक्टोबर
सकाळपासून बसून विभागप्रमुखांना पत्र लिहिलं. अडीच पानं. मार्गदर्शक बदलून मिळावा, कारण सध्याच्या मार्गदर्शिकेचा माझ्याविषयी जुना आकस आहे. पुरावा हवा म्हणून प्रसंग सविस्तर दिला. पत्र सुकायला टेबलावर ठेवून अंघोळीला गेलो. आलो तर ही खुर्चीत बसून वाचत होती.

"हे काय लिहिलंय?" म्हणाली, आणि मोठ्याने वाचू लागली. "'सदर विद्यार्थिनीने निरीक्षक साहेब वर्गात मागे बसलेले असताना, उणे गुणिले उणे अधिक का होते, असा प्रश्न हेतुपुरस्सर केला. तसा नियम आहे असे सांगूनही, पण का, असे पुन्हा विचारले. वर्ग हसला. निरीक्षक साहेबांनी वहीत काही लिहून घेतले. सदर मुलीस कोणीतरी शिकवून पाठवले असावे. त्यानंतर शिस्तीसाठी तिला वर्षअखेरपर्यंत तासाला बाहेर उभे करावे लागले.'"

"मग? खरं आहे ते."

"तुम्हाला तर ती आठवत नव्हती."

"शिपाईमामांनी सांगितलं."

"मामांनी तिने काय विचारलं तेही सांगितलं? ते बाहेर होते, तुम्ही आत."

मी टॉवेल वाळत घालायला गॅलरीत गेलो. ही आतून म्हणाली, "केवढी होती हो ती?"

"आठवीत असतं तेवढी."

"तेरा," ही म्हणाली. "तेरा वर्षांच्या पोरीला कोण शिकवून पाठवणार? अहो, तिला ते खरंच कळलं नसेल."

मलाही माहीत नव्हतं तेव्हा. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. हे पत्रात लिहिलेलं नाही आणि लिहायची गरजही नाही.

२१ ऑक्टोबर
पत्र खिशात घालून विभागप्रमुखांकडे गेलो. गृहस्थ म्हातारे, कानात यंत्र, टेबलावर चार पेले पाण्याचे. मला बोलूच दिलं नाही.

"या या. तुमचं काम झालंय. तुमच्या मॅडम शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना भेटल्या. दर शुक्रवारचे शेवटचे दोन तास तुम्हाला मोकळे. ते तास तुमचे पर्यवेक्षक घेणार आहेत, त्यांनीच तयारी दाखवली. आणि नोंदी जमा करायची मुदत वाढवून मागितलीय मॅडमनी तुमच्यासाठी, दोन महिने. हा बघा अर्ज."

अर्जावर तिची सही. कारणाच्या जागी लिहिलं होतं : 'संशोधक वर्गातील नोंदी नव्याने घेत आहेत.'

"मी असं काही म्हटलं नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी यंत्र कानात नीट बसवलं. "मग नाही घेणार का?"

बाहेर जिन्यावर उभा राहिलो. वर तिच्या खोलीचा दरवाजा उघडा होता. कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत होती. पत्र खिशातच होतं. ते द्यायला पुन्हा आत जाता आलं असतं. पण आता ते दिलं असतं तर म्हातारा म्हणाला असता, या बाईने तर तुमचं भलंच केलंय. बघा, किती पक्की आहे ती. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

पर्यवेक्षक माझे तास फुकट का घेतोय, तेही पाहावं लागेल.

२६ ऑक्टोबर, रविवार
नव्याने नोंदी घेण्याआधी जुने तास एकदा ऐकावे म्हणून दुपारी मोबाइल लावला. पहिले तिन्ही पुसलेले नव्हते. ही शेजारी मटार सोलत होती. माझाच आवाज, मध्ये फळ्यावर खडूचा आवाज. मला झोप यायला लागली.

"थांबा," ही म्हणाली. "मागे घ्या जरा. कुणीतरी बोललं."

"कुणी नाही."

"मागे घ्या."

मागे घेतलं. खडू कर्रकर्र वाजत होता आणि त्याच्या खाली एक बारीक आवाज, मुलीचा : "सर, शून्याने भागलं तर?"

लगेच माझा आवाज : "वही बघ."

तो तास मी दोनदा ऐकून दोन प्रश्न लिहिले होते. हा तिसरा मला सापडला नव्हता. मटार तसेच ठेवून आम्ही तिन्ही तास सुरुवातीपासून ऐकले. ही कान देऊन ऐकत होती आणि मी कागदावर लिहीत होतो. "सर, हे उलट केलं तर चालेल?" "गप्प बस." "सर, माझं उत्तर वेगळं पण बरोबर येतंय." "पुस्तकात बघ." "सर..." आणि मी पुढचं उदाहरण सुरू केलं. एकूण सात निघाले. चार वेळा तर मी उत्तरही दिलं नव्हतं, पाठ फळ्याकडे होती.

"तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं?" हिने विचारलं.

"खडूचा आवाज होता."

"अहो, 'गप्प बस' म्हणालात की तुम्ही. म्हणजे आलं होतं."

ही मटार घेऊन आत गेली. शून्यवाली मुलगी कोण ते ओळखायचा प्रयत्न केला. ओळखता आली नाही. आवाजावरून मला माझ्या वर्गातली एकही मुलगी ओळखता येत नाही.

२ नोव्हेंबर
नवा तक्ता मॅडमला दिला. खरे आकडे. दोन, एक, दोन. लिहून आणायला लावलेले तीन तास रद्द, आणि रद्द का तेही तळाला लिहिलं. शेजारी एक नवा रकाना : 'विचारले गेले, पण घेतले गेले नाहीत.' त्यात सात. मोबाइलही पुढे ठेवला.

ती वाचत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, कारण आता ती जिंकली होती आणि ते कुठेतरी दिसायला हवं होतं. तिने बोट त्या रकान्यावर ठेवलं.

"हा कुणी सुचवला?"

मी चोरला असं वाटतंय तिला. "आमच्या हिने," मी म्हणालो. "तिने ऐकले. मी नाही."

"मग ऋणनिर्देशात त्यांचं नाव घाला," ती म्हणाली. पान तिने आडवं धरून पुन्हा वाचलं, आणि मोबाइल न ऐकताच माझ्याकडे सरकवला.

का नाही ऐकला? आधी तर फार घाई होती.

१५ डिसेंबर
नवे सहा तास झाले. तीन, तीन, पाच, चार, आठ, सहा. न घेतलेल्यांचा रकाना कमी होतोय, पण शून्य होत नाही. मी मुद्दाम लक्ष देऊन शिकवतो, तरी घरी येऊन ऐकलं की एखादा निघतोच. विज्ञानाच्या बाईंना विचारलं, तुम्ही हे कसं करता. त्या घाबरल्या. त्यांना वाटलं मी मोठ्या बाईंना सांगणार आहे, की त्यांच्या वर्गात गोंगाट असतो. माझ्याविषयी असा संशय का यावा कुणाला?

१८ मार्च
मोठ्या बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्यांच्या जागी पर्यवेक्षकाची नेमणूक झाली. पत्र आजच आलं. माझी पदवी हातात यायला अजून वर्ष आहे, तोवर खुर्ची थांबणार नव्हती. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, तुमच्या शुक्रवारच्या मुलांनी माझा घाम काढला हो. काय काय विचारतात!"

आता या पदवीचा मला काडीचा उपयोग नाही. ही म्हणाली, "मग सोडणार?" मी म्हटलं, चौथं प्रकरण अर्धं झालंय. यात कुणाचा काय डाव असेल हे आज दिवसभर शोधलं. सापडला नाही.

२३ मे
तोंडी परीक्षा झाली, नेहमीपेक्षा वर्षभर आधी. मॅडमने प्रबंध लवकर पाठवला होता. बाहेरून आलेले परीक्षक जाडजूड, सौम्य आवाजाचे.

"या तीन नोंदी रद्द का?"

मी मॅडमकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. तिने त्यांना आधी सांगितलं असेल तर ते मी काय बोलतो हे तपासत आहेत, आणि नसेल सांगितलं तर मला काहीही सांगता येईल.

"मुलांना प्रश्न लिहून आणायला लावले होते," मी म्हणालो. "मीच. आणि पहिल्या तक्त्यात आकडेही मी बदलले होते. तो तक्ता यात नाही."

परीक्षकांनी चष्मा काढला. मॅडमने चटकन वळून माझ्याकडे पाहिलं. तिने सांगितलं नव्हतं तर.

परीक्षा पाऊण तास चालली. प्रबंध मान्य झाला. परीक्षक गेल्यावर मी कागद गोळा करत होतो, तेव्हा मी तिला विचारूनच टाकलं, "तुम्ही मला का घेतलंत?"

"तुम्हाला कुणीच घेत नव्हतं. वय जास्त, हेकेखोर वाटले सगळ्यांना. नाव माझ्याकडे आलं."

"नाही म्हणता आलं असतं."

"आलं असतं." तिने खिडकी लावून घेतली. "सर, एक सांगते, गैरसमज नको. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पुढच्या वर्षी मी गणित पुन्हा सुरुवातीपासून केलं, एकटीने. पदवीला तेच घेतलं. पण आठवीचं ते वर्ष मी विसरलेले नाही. तुमचा प्रबंध चांगला झालाय, म्हणून चांगला म्हटलं. त्याचा ह्याच्याशी संबंध नाही."

दोन वर्षांचं म्हणून धरलेलं काम वर्षात झालं. त्या वर्षात ती जे जे बोलली त्याच्या मागे काय असेल ते मी शोधत राहिलो. आजच्या बोलण्यामागे काही शोधावंसं वाटलं नाही.

घरी आलो. हिने दार उघडलं. "काय झालं?"

"पास."

"मग चेहरा असा का? मॅडम काय म्हणाल्या?"

"माफ केलेलं नाही म्हणाली."

ही माझ्या हातातली पिशवी घेता घेता थांबली. "तुम्ही मागितली होती?"

मी बूट काढत बसलो. एक बूट काढला, दुसऱ्याची नाडी सुटत नव्हती. ही उभीच होती, उत्तराची वाट पाहत.

"नाही," मी म्हणालो.

उद्या रविवार आहे, पण विभाग अकराला उघडतो. बांधणी केलेली प्रत द्यायची आहेच. तिच्या खोलीत गेल्यावर पहिलं वाक्य काय म्हणायचं, ते इथे तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. आता तसाच जाईन.